काळ्या पानावरचे दोन फुगे

फुगेवाला : ...आणि ही घ्या. 'पट्टीवाल्यासारखा कपाटात कोंडून ठेवणारा कोणीतरी मलाही मिळो. आपण कोणाला इतकं हवं असणं ही काय साधी गोष्ट आहे?' खाली चार लाल बदाम.

आई : नको. पुढची.

फुगेवाला : ताई, मघापासून तुमचं 'नको, पुढची' चाललंय. संपादकांना पाचव्या भागाच्या मलपृष्ठावर टाकायला वाचकांच्या चारच प्रतिक्रिया हव्यात. चार. ढीगभर वाचल्या आपण, अजून एक ठरली नाही. मी साधा फुगे भरणारा माणूस. पात्रं बोलतात, ते तुम्ही लिहून देता, मी त्यांच्या डोक्यावरच्या फुग्यात नीट बसवतो, संपलं माझं काम. हे वाचून वाचून माझे डोळे विटले.

आई : विटले तरी. मला तर काही होतच नाही आता. ही जपानी चित्रकथांची मालिका भाषांतराला घेतली तेव्हा पहिला भाग करताना मी रडले होते, आठवतं? मुकीच्या घराला आग लागते आणि त्यानंतर तिचं बोलणंच बंद होतं, तिथे. आणि चौथ्या भागात तो डोळ्यावर पट्टीवाला मुलगा तिला कपाटात कोंडतो ते पान मी मटार सोलता सोलता केलं.

फुगेवाला : सवय होते हो. डॉक्टर काय प्रत्येक पेशंटमागे रडत बसतो?

आई : डॉक्टरचा पेशंट कधीतरी बरा होतो. आपली ही दोघं चार भाग झाले तरी सतराच वर्षांची आहेत, आणि होती त्याहून वाईट आहेत.

फुगेवाला : ही बघा, 'अमावस्या' नावाने. 'मला काहीच वाटलं नाही. म्हणून आवडलं.'

आई : ही ठेवा.

फुगेवाला : मलपृष्ठावर? 'काहीच वाटलं नाही'? संपादक माझं डोकं फोडतील.

आई : एक तरी खरं बोलणारी असू दे.

फुगेवाला : ठेवली. 'माझ्या धाकट्या भावाने चोरून वाचलं, मग आईच्या खोलीत गादी टाकून झोपला. आता पुन्हा वाचतोय.' ही पण बरी आहे. 'कथा संथ, चित्रं सुंदर, कागद पातळ.' हे कोणीतरी निवृत्त गृहस्थ दिसतात. मग इथून पुढे मारामारी. अर्धे पट्टीवाल्याच्या बाजूने, अर्धे मुकीच्या. 'त्याच्या बापाने त्याचा डोळा फोडला, त्याला प्रेम करायला कोणी शिवकवलंय?' शिवकवलंय. शिकवलंय असणार. 'वाईट माणूस आणि दुखावलेला माणूस यात फरक असतो.' यावर एकाने लिहिलंय, 'कपाटाच्या आतून फरक दिसत नाही.'

आई : हीसुद्धा ठेवा.

फुगेवाला : दोन झाल्या. देव पावला. पुढे... 'सगळे पट्टीवाल्याला राक्षस ठरवताहेत. पण तो बिचारा सोड म्हणाला होता. मुकीच त्याला चिकटली.'

आई : थांबा. तो कुठे सोड म्हणाला?

फुगेवाला : वाचक हो. त्यांना काय, वाट्टेल ते वाचतात. 'तीन भाग एक अक्षर न बोललेली मुलगी चौथ्या भागात पहिल्यांदा तोंड उघडते आणि म्हणते, मला सोडू नकोस. मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.' ही एक. 'मला सोडू नकोस, काळं पान, बास, विषय संपला.' ही दुसरी. ह्या बाईंनी तर ते भिंतीवर रंगवलंय, फोटो टाकलाय. बऱ्याच आहेत तशा. सगळे त्या काळ्या पानावर तुटून पडलेत.

आई : पण ती असं म्हणत नाही.

फुगेवाला : कोण?

आई : मुकी. ती म्हणते, 'सोड.' एकच शब्द. त्या एका शब्दापायी मी आठवडा घालवला होता. 'जाऊ दे' करून पाहिलं, 'पुरे' करून पाहिलं. इतके दिवस न बोललेली मुलगी, तिच्या घशातून काय बाहेर येईल? शेवटी 'सोड' ठेवलं. 'मला सोडू नकोस' हे त्याचं वाक्य आहे. तो चौथा भाग काढा बरं, फ्रीजवर आहे.

फुगेवाला : हा घ्या. हे मागचं पान. तो कपाटात तिच्यासमोर बसलाय, विचारतोय, 'बोल. काय हवंय तुला?' आणि मग हे काळं. कपाटाचं दार लागलं, सगळा अंधार, दोन पांढरे फुगे. डावीकडे, 'मला सोडू नकोस.' उजवीकडे, 'सोड.'

आई : विचारलंय तिला. म्हणजे पहिला फुगा तिचा.

फुगेवाला : आणि आपण डावीकडून वाचतो.

आई : हो.

फुगेवाला : थांबा ताई, मला जरा... जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे चालतं. म्हणून आपण प्रत्येक पान आरशात पाहावं तसं उलटवतो, मग उजवीकडचा फुगा डावीकडे येतो आणि आपल्या माणसाला नेहमीसारखं वाचता येतं. मूळ पानावर मी आधी आकडे टाकून ठेवतो, हा पहिला फुगा, हा दुसरा. पान उलटलं की आकडेही जागा बदलतात. मग भरत सुटायचं. आणि हे पान आलं सगळं काळं. मी म्हटलं असणार, काळं पान उलटवलं काय न उलटवलं काय, काळंच.

आई : उलटवलं नाहीत.

फुगेवाला : नाही उलटवलं. आकडे बरोबर, अक्षरं बरोबर, फुगे मधोमध. पान तेवढं जपानीच राहिलं.

आई : फुग्यांना शेपट्याही नाहीत.

फुगेवाला : शेपटी असती तर ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे गेली असती, मला तिथल्या तिथे कळलं असतं. पण अंधार आहे ना, तोंडंच दिसत नाहीत, म्हणून चित्रकाराने काढल्याच नाहीत.

आई : आणि मी दोन्ही वाक्यं मुद्दाम अशी केली, की मुलगा बोलतोय की मुलगी ते कळू नये. किती खूश होते स्वतःवर. म्हटलं, अंधार भाषेतही उतरला.

फुगेवाला : छापण्याआधी तुमच्याकडे आलं होतं ना तपासायला? दोष देत नाही, विचारतो.

आई : आलं होतं. मी शब्द तपासले. जागा नाही तपासली.

फुगेवाला : झालं मग. म्हणजे पुस्तकात काय दिसतंय, तर तो तिला विचारतो काय हवंय, ती म्हणते सोडू नकोस, तो म्हणतो सोड. आणि पुढच्या पानावर कपाट बंदच. म्हणजे तिनेच त्याला धरून ठेवलं.

आई : आणि सगळ्यांना ते पटलंय.

फुगेवाला : पटलंय? संपादकांनी 'मला सोडू नकोस'चे बुकमार्क छापायला टाकलेत. पाचव्या भागाबरोबर फुकट. सांगायचं कसं त्यांना?

आई : सांगू. आधी बाकीच्या वाचा. अजून कोणी काय काय समजून बसलंय ते तरी कळू दे.

फुगेवाला : ही मोठी आहे. नाव 'कोणीनाही', सगळं एकत्र लिहिलंय. 'तिने स्वतः सांगितलं होतं सोडू नकोस. मग तो सोडत नाही म्हणून त्याच्यावर का चिडता? एकदा सांगितलं की आपणच निभवायचं असतं. नंतर रडायचा हक्क राहत नाही. मुकी नंतर रडत नाही. ते मला बरोबर वाटतं.'

आई : ही कोणीतरी लहान आहे.

फुगेवाला : लहान? मला तर ही दोन संसार करून दमलेली बाई वाटते.

लेक : ती माझी आहे.

आई : ठमे? तू क्लासला गेली नाहीस? काय तुझी आहे?

लेक : ती प्रतिक्रिया. 'कोणीनाही' मी आहे. माझी पाण्याची बाटली कुठेय?

फुगेवाला : घ्या. घरात वाचक, आणि आपण गावभर शोधतोय.

आई : तुला मी हे पुस्तक दिलं नव्हतं. मोठ्यांसाठी आहे असं त्याच्यावर मीच छापायला लावलंय.

लेक : त्याने दिलं.

आई : तो म्हणजे क्लासमधला? रोज घरी सोडतो तो?

लेक : हो. पान दुमडून दिलं.

आई : काळं पान.

लेक : हो.

आई : अगं, त्या पानावर चूक झालीय. आम्हाला आत्ता कळतंय. ती तसं म्हणतच नाही. ते तो म्हणतो. ती म्हणते, सोड. फुगे उलटे पडलेत.

लेक : अच्छा.

आई : अच्छा काय?

लेक : अच्छा म्हणजे कळलं.

फुगेवाला : माझी चूक आहे ती. पान उलटवायचं राहिलं माझ्याकडून.

लेक : ठीक आहे काका.

आई : तुला काहीच वाटत नाही?

लेक : काय वाटायला पाहिजे?

आई : तू लिहिलंयस, एकदा सांगितलं की निभवायचं. रडायचा हक्क नाही. अगं, तिने सांगितलंच नव्हतं.

लेक : तिने नव्हतं. मी सांगितलं होतं.

आई : काय सांगितलं होतंस? कोणाला?

लेक : एक मिनिट.

(लेक खिशातून फोन काढते, दिवाणावरच्या उशीखाली ठेवते, त्यावर दुसरी उशी ठेवते आणि येऊन टेबलाशी बसते.)

लेक : हं. आता बोला. पण हळू.

आई : हे काय होतं?

लेक : कॉल चालू आहे.

फुगेवाला : कोणाचा?

लेक : त्याचा. असतो चालू. मी त्यावर काही बोलायचं नसतं. तोही बोलत नाही. ऐकतो फक्त. क्लासमध्ये, घरी, जेवताना. झोपताना चार्जिंगला लावून उशाशी ठेवायचा.

आई : आत्ता आम्ही जे बोलत होतो...

लेक : खिशात होता ना. कापडातून नीट ऐकू जात नाही. पण जातं.

आई : हे कधीपासून चाललंय?

लेक : बाबा गेले त्यानंतर. दवाखान्यातून त्यांना आणलं, घर माणसांनी भरलं होतं, मी जिन्यात जाऊन बसले होते. तो आला होता. मी त्याला म्हटलं, मला सोडू नकोस. तो म्हणाला, बरं. मग नाही सोडणार. तेव्हापासून.

आई : आणि मी तेव्हा काय करत होते?

लेक : तेव्हा माणसांना चहा देत होतीस. नंतर चौथा भाग.

आई : माझं लक्षच नव्हतं.

लेक : होतं. जेवलीस का विचारायचीस. मी जेवत होते.

फुगेवाला : मी जरा बाहेर थांबू का?

लेक : नको काका. बसा. तुम्ही असलात की आई रडत नाही.

आई : मी नाही रडणार. मला रडू येतच नाहीये, तीच तर पंचाईत आहे. ठमे, तो तुला मारतो?

लेक : नाही.

आई : खरं सांग.

लेक : खरंच नाही. तुला वाटतंय तसा नाहीये तो. ओरडतही नाही. मनगट धरतो, तेसुद्धा जोरात नाही, धरून ठेवतो फक्त. मी मैत्रिणींशी बोलले की विचारतो, मी कमी पडतो का. क्लासला तिच्या शेजारी बसू का विचारलं तर म्हणतो, बस ना, मी कुठे नाही म्हणतोय. मग दिवसभर जेवत नाही. आणि मी काही म्हणायला गेले की म्हणतो, तूच म्हणाली होतीस. ते तर खोटं नाहीये. म्हणाले होते मी. मग त्याने ते पान दिलं. म्हणाला, बघ, तीसुद्धा.

फुगेवाला : पोरी, एका पानावर भरलेला फुगा पुढच्या पानावर चालत नाही. प्रत्येक पानावर नवीन भरावा लागतो.

लेक : काका, हे पुस्तक नाहीये.

फुगेवाला : नाही. बरोबर आहे. नाहीये.

आई : तो फोन बंद कर.

लेक : बंद केला की तो येतो.

आई : येऊ दे.

लेक : तू असं म्हणतेस. येतो म्हणजे खाली उभा राहतो. काही करत नाही, उभा राहतो. येणारे जाणारे बघतात. मग मलाच कसंतरी होतं आणि मी जाते. त्यापेक्षा चालू असलेला बरा. मला आता तो चालू आहे हे जाणवत पण नाही. आधी बाथरूममध्ये नळ सोडून ठेवायचे. आता तेही नाही.

आई : तुला सोडवत नाहीये, की सोडायचं नाहीये?

लेक : माहीत नाही. मला काही वाटत नाही, आई. त्याचा राग नाही येत. तो आला की बरं वाटतं असंही नाही. त्या मुकीसारखं. म्हणून लिहिलं मी, बरोबर वाटतं.

आई : मी तुझ्या बाबांना म्हटलं होतं, जा आता. शेवटच्या दिवशी. नळ्या लावलेल्या, श्वास घेताना सगळं अंग वर यायचं त्यांचं, बघवत नव्हतं. मी कानाशी वाकून म्हटलं, जा तुम्ही. ते मी मनापासून म्हटलं होतं. आज मला कोणी विचारलं तर मी तसं म्हणणार नाही. आज मी म्हणेन, कसेही असा, पडून राहा, पण राहा.

लेक : मला हे माहीत नव्हतं.

आई : कोणालाच नाही. मग सांग, मी म्हटलं म्हणून मी त्यांना घालवलं असं होतं का?

लेक : नाही.

आई : मग तू जिन्यात बसून एकदा काहीतरी म्हटलंस, ते जन्मभराचं कसं झालं?

लेक : तुला कोणी आठवण करून देत नाही ना.

आई : नाही देत.

लेक : मला रोज कोणीतरी देतं.

फुगेवाला : ताई, मी संपादकांना आत्ताच कळवतो. नवी छपाई व्हायच्या आत ते पान बदलायलाच हवं. बुकमार्क छापले असतील तर रद्दीत घाला म्हणावं. ओरडतील, ओरडू देत.

लेक : काका, ते पान दुरुस्त झालं तर आधी ज्यांनी घेतलंय त्यांचं काय?

फुगेवाला : त्यांचं... त्यांच्याकडे तेच राहणार. पुस्तक काय परत मागवता येत नाही.

लेक : म्हणजे त्यांच्यासाठी तिनेच धरून ठेवलं.

फुगेवाला : हो.

लेक : ती भिंतीवर रंगवणारी बाई पण.

फुगेवाला : तीसुद्धा. आपण खुलासा टाकू, पण खुलासा कोण वाचतं?

लेक : आई, पाचव्या भागात ती बाहेर येते?

आई : सांगू? तू वाचायची आहेस.

लेक : सांग.

आई : नाही येत. कपाटाचं दार उघडं असतं, तरी नाही येत. सहावा अजून जपानमध्येच आला नाहीये. काय होतं ते मलाही माहीत नाही.

लेक : लोक म्हणतील, मूर्ख आहे.

आई : म्हणतील. अर्धे म्हणतील, किती प्रेम.

लेक : तू काय म्हणतेस?

आई : मी इतके दिवस काही म्हणतच नव्हते. भाषांतर करत होते. आज पहिल्यांदा मला तिच्यासाठी भीती वाटतेय.

लेक : तिच्यासाठी?

आई : तुझ्यासाठी.

लेक : अशी नको बघूस माझ्याकडे. मी ठीक आहे.

आई : ठीक असलेलं माणूस फोनवर उश्या रचत नाही, ठमे.

लेक : तो मी कट करते.

फुगेवाला : मी करू? आण इकडे.

लेक : नको. तुम्ही केला तर तो म्हणेल, तिने नाही केला. द्या तो फोन इकडे. हं. केला.

आई : बस इथे माझ्याजवळ.

लेक : बसून काय करू, येईलच तो. कोपऱ्यावरच्या दुकानाशी असतो. आपली खिडकी दिसते तिथून.

फुगेवाला : आलाच. निळा शर्ट का?

लेक : हो.

फुगेवाला : अरे, हा तर पोरगाच आहे. मला वाटलं...

लेक : पोरगाच आहे. त्याची आई नाहीये. म्हणून तर सगळे म्हणतात, समजून घे.

आई : मी जाते खाली. मी बोलते त्याच्याशी.

लेक : नको. तू गेलीस तर तो वाकून नमस्कार करेल, काकू तुम्ही जेवलात का विचारेल. आणि तुला तो आवडेल. सगळ्यांना आवडतो.

आई : मग काका येतील तुझ्याबरोबर.

लेक : काका जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. बोलायचं नाही.

फुगेवाला : मी कुठे बोलतो? जन्म गेला दुसऱ्यांचं बोलणं बसवण्यात. थांबतो मी तिथे.

आई : आणि मी काय करू?

लेक : खिडकीत उभी राहा. त्याला दिसशील अशी. चष्मा घाल.

आई : काय सांगणार आहेस त्याला?

लेक : माहीत नाही. समजावून नाही सांगता येणार मला, तो माझ्यापेक्षा चांगलं समजावतो. एवढंच म्हणेन, सोड.

आई : आणि तिथे त्याच्यासमोर गेल्यावर तुझ्या तोंडून पुन्हा तेच आलं तर? सोडू नकोस?

लेक : येईल बहुतेक.

आई : मग?

लेक : मग तू खाली ये.